पाकोळीचा होकार

पाकोळीनं तिसऱ्यांदा काळ्या फळीला नाक लावलं, तेव्हा पडद्यामागं पाठ करून उभ्या असलेल्या मायाप्पाला मागं वळून बघायचीही गरज पडली नाही. काळी फळी भिंतीकडच्या अंगाला होती, पांढरी पडद्याकडच्या. घोडीचे खूर त्या बाजूला गेले, थांबले, आणि फळीची घंटी वाजली. झालं. घोडी नाही म्हणाली होती.

"नोंद करते," डॉक्टर मृणाल फाटक म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी पडला होता. "पाकोळी, मादी, वय वर्षे एकोणीस. नकार. आप्तांचा काही आक्षेप?"

"न्हाई, बाई," मायाप्पा म्हणाला.

आप्त म्हणजे मायाप्पा कोकरे. माण तालुक्यातल्या त्या उघड्या माळावर सर्पविषावरचं औषध बनवणारं केंद्र होतं आणि मायाप्पा तिथं एकतीस वर्षं मोतद्दार होता. घोड्यांना खरारा करायचा, दाण्याची चंदी द्यायची, खुरात खडा रुतला तर काढायचा, एवढंच त्याचं काम. नव्या कायद्यानं त्याला घोड्यांचा आप्त करून टाकलं होतं. पाकोळी त्याच्याच हातांवर जन्मली होती, म्हणून तिच्या कागदांवर त्याचं नाव पहिलं.

कायदा येऊन दोन वर्षं झाली होती. त्याचं मूळ एका साध्या म्होरकीत होतं. घोड्याच्या कपाळावरून जाणाऱ्या पट्ट्यात केसाएवढ्या तारा बसवायच्या आणि मेंदूतले विजेचे बारीक प्रवाह टिपायचे. ही म्होरकी मनातलं वाचत नाही. पुढं काय होणार हे जनावराला ठाऊक आहे का, आणि ते भीतीपोटी वागतंय की आपखुशीनं, एवढंच ती सांगते. आधी घोड्यांना घोंगडीवर शिकवलं. पांढऱ्या फळीला नाक लावलं की अंगावर घोंगडी टाकायची, काळीला लावलं की काढायची. पंधरा दिवसांत थंडीच्या सकाळी घोडे पांढऱ्या फळीशी रांग लावू लागले आणि ऊन चढलं की काळीशी. मग घोंगडीऐवजी स्पिरिटचा बोळा हुंगायला देऊन, सुई दाखवून तोच प्रश्न विचारला. घोड्यांना प्रश्न समजला होता. म्होरकीनं तसं छापूनच दिलं.

पहिल्या महिन्यात थोडा घोळ झाला. घोडे फळीकडं बघायच्या आधी मोतद्दारांकडं बघतात आणि त्यांच्या खांद्यांवरून उत्तर ताडतात, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. तेव्हापासून पडदा आला. आप्तानं पडद्याआड, पाठ करून, तोंड मिटून उभं राहायचं. आप्त हवाच, कारण माणसाला इस्पितळात विचारताना शेजारी त्याचं कुणी तरी असतं, मग घोड्याला का नको? प्रश्न समजणाऱ्या कुठल्याही प्राण्याच्या देहाला त्याच्या होकाराशिवाय हात लावायचा नाही, असा तो कायदा. घोडे, हत्ती, कुत्री पास झाली. शेळ्यामेंढ्यांना फळ्यांचं काही उमगेना. त्या परीक्षेत नापास झाल्या, म्हणून त्यांचं मटण शिजत राहिलं. मायाप्पाच्या भावाची सत्तर मेंढरं होती; तो म्हणायचा, "बरं झालं बाबा, माझी अडाणी राहिली."

आता घोड्यांना विचारायचं काय, तर विष टोचू का आणि रक्त काढू का. सापाचं विष अगदी थेंबाथेंबानं घोड्याला टोचत गेलं की त्याच्या रक्तात त्यावरचा उतारा तयार होतो. मग सहा लिटर रक्त काढायचं, त्यातलं पिवळं पाणी वेगळं करायचं, तांबड्या पेशी घोड्याला परत चढवायच्या आणि त्या पाण्यातून औषधाच्या कुप्या भरायच्या. शंभरावर वर्षं माणसं सापांपासून वाचली ती अशी. नाग आणि मण्यार यांच्यासाठी आता प्रयोगशाळेतलं कृत्रिम औषध निघालं होतं. फुरशाचं विष मात्र फार मिसळीचं, आणि जागा बदलली की विषही बदलणारं. त्याच्यापुढं प्रयोगशाळेनं अजून हात टेकलेले. माणच्या माळावर दगड उचलावा तिथं फुरसं, आणि फुरशावर सगळ्यात जालीम उतारा पाकोळीच्या रक्तात होता. बाकीच्या घोड्यांच्या दुप्पट.

केंद्रात अडतीस घोडे होते. त्या महिन्यात हो म्हणाले फक्त चार.

रविवारी दुपारी मायाप्पाची लेक कला घरी आली. ती तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. चपला न काढताच ती उंबऱ्यात बसली आणि मायाप्पानं पुढं केलेला पाण्याचा तांब्या तिनं नुसताच हातात धरून ठेवला.

"शालन गेली," ती म्हणाली. "डाळिंबाच्या बागेत खुरपताना बोटाला फुरसं चावलं व्हतं. दहा कुप्या लागत व्हत्या, आमच्याकडं दोन. तीन दिवस हिरड्यांतनं रक्त थांबंना. शेवटी मलाच म्हणाली, ताई, माझ्या पोरीला उद्या शाळेत कोण सोडणार?"

मायाप्पानं तिला लहानपणापासून बघितलेलं. शालनचं माहेर त्याच्याच आळीतलं.

"आप्पा, तुमच्या घोडीला समजावता येत न्हाई?"

"समजावणं बेकायदा हाय, कले. तिला इचारायचं. ती म्हणंल ते खरं."

"आन् ती न्हाई म्हणती."

"व्हय. तिचा हक्क हाय त्यो." हे वाक्य त्याला प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि ते त्याला मनापासून पटलंही होतं. सुई बघून अंग चोरणाऱ्या घोड्यांना त्यानं एकतीस वर्षं रक्त काढायच्या लाकडी खोड्यात ढकललं होतं. कायदा आला त्या दिवशी त्याला आपल्या मानेवरचं जोखड उतरल्यासारखं वाटलं होतं.

कला हसली, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. "हक्क. मलाबी दिला व्हता की तुम्ही. आठवतंय? पाव्हणे बसलेले, आन् तुम्ही चार माणसांत मला इचारलंत, 'कले, तुझी मर्जी असंल तरच.' लोकांनी किती वाखाणलं तुम्हाला. धनगराच्या घरात लेकीला इचारत्यात म्हणून."

"मग? इचारलंच व्हतं की."

"आई जाऊन दोन महिने झाले व्हते, आप्पा. तुम्ही जेवत नव्हता. मी तुमच्या तोंडाकडं बघितलं आन् हो म्हणाले. माझ्या मनात हो नव्हतं. त्या माणसाचे डोळे मला तवाच आवडले नव्हते. पण मी न्हाई म्हणाले असते तर तुम्ही आणखीन खचला असता. चार वर्षं मार खाल्ला मी त्या होकारापायी." तिनं तांब्या खाली ठेवला. "तुम्हाला दोष देत न्हाई. शालनचं तोंड डोळ्यापुढनं हलत न्हाई म्हणून बोलले."

ती बसच्या वेळेला निघून गेली. मायाप्पा तिथंच बसून राहिला. लेकीला विचारून लग्न लावलं याचा त्याला आयुष्यभर अभिमान होता. गावात कुणाच्या घरी लग्नाची बोलणी निघाली की तो हे सांगायचा. आता त्याला ते सगळं आठवून घाम फुटला. किती वेळा सांगितलं असेल त्यानं, आणि कला आत चुलीपाशी बसून ऐकत असेल.

आणि त्या लाजेतूनच त्याला ते सुचलं. माणसानं आपल्या लेकीचं काळीज असं वापरावं हे वाईटच, पण सुचलं खरं.

पडद्यानं त्याचे खांदे झाकले होते. वास झाकला नव्हता. घोड्याला माणसाचा घाम कळतो हे मोतद्दाराला कुणी शिकवावं लागत नाही. माणूस भेदरलेला असला की त्याच्या घामाला निराळा वास येतो, दुःखी असला की निराळा. बायको गेली तेव्हा मायाप्पा तिसऱ्या दिवशी कामावर आला होता. पाकोळी तेव्हा ऐन तारुण्यात होती, कुणाला जवळ येऊ देत नसे. त्या दिवशी तिनं चंदी टाकली, त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि तासभर हलली नाही.

गुरुवारी पुन्हा विचारणा होती. मायाप्पा रविवारचाच, न धुतलेला सदरा घालून गेला. पडद्याआड उभा राहिला, डोळे मिटले आणि शालनला आठवलं, तिच्या पोरीला आठवलं. मग कला आठवली, पाव्हण्यांपुढं डोक्यावर पदर घेतलेली. त्याला हुंदका आला. तो त्यानं गिळला, कारण आवाज करायला बंदी होती. डोळ्यांतून पाणी मात्र वाहू दिलं. पाण्याला बंदी नव्हती.

पलीकडं घोडीनं नाकपुड्या फुरफुरवल्या. एक पाऊल, दोन पावलं. खूर भिंतीकडं गेले नाहीत. पांढऱ्या फळीची घंटी वाजली.

"आप्पा!" डॉक्टर फाटक नियम विसरून पडद्याच्या आत आल्या. "हो म्हणाली! आणि म्होरकी बघा, भीतीचा एक कण नाही. इतका स्वच्छ होकार मी आजवर पाहिला नाही."

त्यात खोटं काही नव्हतं. पाकोळीला आपल्या जिवाची भीती वाटत नव्हती. म्होरकी फक्त तिची भीती मोजत होती, मायाप्पाची नव्हे.

नव्या यंत्रांवर कुप्या दहा दिवसांत भरायच्या. पंधराव्या दिवशी कलाचा फोन आला. "आप्पा, काल चौघं घरी गेले. चौघंबी चालत गेले." मायाप्पानं त्या दिवशी सगळ्या पागेला गूळ वाटला आणि मग गूळ विचारणेच्या आधी देणं गुन्हा आहे हे आठवून डॉक्टरीणबाईंकडून तारखा तपासून घेतल्या. तो खरोखर आनंदात होता. चार माणसं जिवंत होती आणि घोडीनंही आनंदानंच दिलं होतं. मग बिघडलं कुठं?

दहा दिवसांनी पुन्हा विचारलं. पाकोळी हो म्हणाली. पुन्हा दहा दिवसांनी, पुन्हा हो.

पूर्वी असं चालत नव्हतं. पूर्वी महिन्यातून एकदाच रक्त काढायचं, आणि सतरा वर्षं भरली की घोडा कुरणात सोडायचा. मायाप्पानं तसं एकदा बोलून दाखवलं. डॉक्टर फाटकांनी समितीचं पत्रच पुढं केलं. जुन्या मर्यादा मुक्या जनावरांसाठी होत्या. जो जीव स्वतः निर्णय घेऊ शकतो त्याच्यावर मर्यादा लादणं हा त्याच्या हक्काचा अपमान आहे, असं त्यात लिहिलेलं.

"ती थकलीये, आप्पा, मला दिसतंय," डॉक्टर म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. पाकोळीच्या फिकट हिरड्यांवरून बोट फिरवताना त्यांचा चेहरा ओढला होता. "विषाच्या टोचण्यांनी यकृत सुजलंय. पण ती हो म्हणतेय. तिला नाही म्हणणारी मी कोण?"

"तुम्ही डॉक्टर की, बाई."

"डॉक्टर आहे. पालक नाही. आता तिला पालक नसतो." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "एक विचारू? तुम्ही काही करत तर नाही ना? पलीकडच्या केंद्रात एका मोतद्दाराच्या खिशात साखर सापडली. होकार अवैध ठरला आणि त्या रक्ताच्या सगळ्या कुप्या गटारात ओतल्या. कायदाच आहे तसा, चोरीचं रक्त वापरायचं नाही. तीन महिन्यांत पाकोळीमुळे अडीच हजार कुप्या भरल्यात. म्हणून विचारते."

"माझ्या खिशात काय न्हाई, बाई," मायाप्पा म्हणाला आणि दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.

रडणं मात्र दिवसेंदिवस अवघड होत चाललं होतं. शालनचं दुःख दोन विचारणांत सरलं. मग त्यानं बायकोचं मरण आठवलं, मग बापाचं, मग लहानपणी पटकीनं मेलेल्या धाकट्या भावाचं. घरातली सगळी मेलेली माणसं त्यानं एकेक करून पडद्याआड आणली. एके दिवशी काहीच आठवेना तेव्हा कला मेली असं मनात आणलं. त्या दिवशी घरी आल्यावर त्याला भाकरी गिळवेना.

आठव्या वेळेला पाकोळी खोड्यातून बाहेर येताना अडखळली. तिच्या फासळ्या मोजता येत होत्या. पायांना सूज होती, आणि चंदीत तोंड घालून ती नुसतीच उभी राहायची. मायाप्पानं तिची मान चोळली तशी ती वळली आणि त्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवली. त्या क्षणी त्यानं ठरवलं की पुरे झालं.

खरं सांगितलं असतं तर काम एका वाक्याचं होतं. पण मग कलाच्या वॉर्डातल्या फडताळातल्या कुप्या, शेजारच्या दोन जिल्ह्यांत पोचलेल्या कुप्या, सगळं गटारात. रजा टाकली असती तर डॉक्टरांनी विचारणा पुढं ढकलली असती, एवढंच; कागदावर पहिलं नाव त्याचं होतं. तेव्हा सगळ्यात सोपी वाट त्यानं धरली. रडायचंच नाही. हसऱ्या मनानं जायचं. मग घोडी पूर्वीसारखी आपली काळ्या फळीला नाक लावेल आणि कुरणात जाईल. कुणाला काही कळायचं नाही.

पुढच्या विचारणेच्या सकाळी त्यानं उटणं लावून अंघोळ केली. ट्रंकेतला कोरा सदरा काढला. वाटेनं चालताना मुद्दाम चांगलं चांगलं आठवत गेला. पाकोळी जन्मली तेव्हा उभं राहायच्या धडपडीत चार वेळा आपटली होती आणि पाचव्यांदा त्याच्या धोतराला टेकून उठली होती, ते आठवून त्याला खुदकन हसूही आलं.

तो पडद्याआड उभा राहिला. घोडीला आणलं. आणि त्याला तिचा श्वास ऐकू आला.

आखूड, खरखरता श्वास. दारापासून फळ्यांपर्यंतच्या वीस पावलांत तिला दम लागला होता.  आज ही हो म्हणाली तर मरेल, हे त्याला स्वच्छ कळलं. नाही म्हण, पाकोळे, तो मनात म्हणू लागला. न्हाई म्हण माझे बाई, तिकडं भिंतीकडं जा. त्याचे तळहात ओले झाले. कोरा सदरा पाठीला चिकटला. उटण्याच्या वासाखालून त्याचा घाम वर आला आणि पडद्याखालून पलीकडं गेला.

पाकोळीनं नाकपुड्या फुरफुरवल्या.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं आपण काय करून बसलो ते. त्यानं भीती दाबायला बघितली, आणि जसजशी दाबली तसतशी ती वाढत गेली. आजवर त्यानं दुसऱ्यांची मरणं उसनी आणून दुःख केलं होतं. आजचं भय अस्सल होतं आणि सगळं तिच्यासाठीच होतं. पण घोडीला एवढंच कळत होतं, की आपला माणूस फार मोठ्या संकटात आहे, आणि पांढऱ्या फळीला नाक लावलं की त्याचं संकट टळतं. तीन महिने तिला दुसरं शिकवलं कुणी होतं?

खूर ओढत ओढत पुढं गेले. मध्ये एकदा थांबले. घंटी वाजली, आणि ती पांढऱ्या फळीची होती.

"होकार," डॉक्टर फाटक हळू आवाजात म्हणाल्या. "आप्तांचा काही आक्षेप?"

मायाप्पानं तोंड उघडलं. पण आक्षेपाचं कारण विचारलं असतं, आणि खरं कारण सांगितलं की सगळ्या कुप्या गटारात. कलाच्या वॉर्डात त्या दिवशी किती माणसं झोपली असतील याचा त्याला अंदाज नव्हता. सहा असतील, दहा असतील. डॉक्टरांनी पडदा बाजूला करून आत बघितलं.

"आप्पा? आक्षेप आहे का?"

"न्हाई," मायाप्पा म्हणाला.

चौथ्या दिवशी सकाळी पाकोळी पागेत आडवी झाली ती उठली नाही. मायाप्पा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. शेवटच्या घटकेलाही ती त्याच्या सदऱ्याला नाक लावून हुंगत राहिली.

पूर्वी मेलेला घोडा गाडीत टाकून न्यायचे. आता हक्कच होता, तेव्हा पाकोळीला कुरणाच्या कडेला खड्डा खणून पुरलं. समितीनं पुष्पचक्र पाठवलं. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं होतं, 'स्वेच्छेने रक्तदान.' कला रात्रपाळी संपवून तशीच आली होती, अंगावर दवाखान्याचा पांढरा वेश. माणसं पांगल्यावर ती बापाशेजारी उभी राहिली.

"कले, ती सोताहून हो म्हणत नव्हती," मायाप्पा म्हणाला. "मी म्हणायला लावत व्हतो. जसं तुला लावलं, तसंच."

कलानं वाकून ताज्या मातीवरचं पुष्पचक्र नीट केलं. "मला वाटलंच व्हतं," ती म्हणाली.

"मी आत्ता जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगणार हाय. सगळं. माझ्यानं आता झोपवत न्हाई."

कला काही बोलायच्या आत डॉक्टर फाटकच चालत आल्या. त्यांचे डोळे सुजले होते. हातात नोंदवही होती आणि ती त्यांना नकोशी झालेली दिसत होती.

"आप्पा, आज विचारू नये, पण गुरुवारी हरणीची विचारणा आहे. पाकोळीनंतर फुरशावर तिचंच रक्त बरं आहे. तुम्ही आप्त म्हणून उभे राहाल? जबरदस्ती अजिबात नाही. तुमची इच्छा असेल तरच."

हरणी सात वर्षांची होती. मायाप्पाच्या हातून मीठ चाटायची. त्यानं नाही म्हणायला मान वर केली, आणि समोर कला होती.

ती एक शब्द बोलली नाही. हातही हलवला नाही. नुसती उभी होती, रात्रभर कुणाच्या तरी हिरड्या पुसून आलेली, ओठ घट्ट मिटून, बापाकडं बघत. ते तोंड त्याला वाचता येत होतं. त्याला नाही म्हणायची पूर्ण मोकळीक होती, आणि लेकीच्या त्या तोंडाकडं बघून नाही म्हणणं जमणार नव्हतं.

"येतो, बाई," मायाप्पा म्हणाला.

डॉक्टरांनी वहीत त्याचं नाव लिहिलं. कलानं डोळे पुसले, बापाच्या सदऱ्यावरची माती झटकली आणि ती साडेदहाच्या बसला निघाली.